यादीत आधी माहेरचं आडनाव लिहा

माझं माहेर कणकवलीकडचं, सासर रत्नागिरी, आणि कॉलेज सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावचं, मी 2003 ची बीकॉम. गेली सहासात वर्षं आम्ही काही जणी मिळून आमच्या कॉलेजच्या माजी मुलींना शोधून काढतोय आणि ज्यांना जमेल त्यांना आत्ता शिकणाऱ्या पोरींशी जोडून देतोय. हे कसं करायचं म्हणून बऱ्याच जणी विचारतात, प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा बसून लिहूनच काढते, म्हणजे श्रीवर्धनपासून सावंतवाडीपर्यंत कुणालाही आपल्या कॉलेजात सुरू करायचं असेल तर हाताशी राहील.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. बॅचचे मुलगे सापडायला सोपे, नाव तेच, आडनाव तेच, घरही बहुतेक तेच, मुंबईला गेला असला तरी गणपतीला त्याच पडवीत बसलेला असतो. मुलीचं तसं नसतं. लग्न झालं की आडनाव गेलं, कधी पाळण्यातलं नावही गेलं, गाव बदललं, सिमकार्ड बदललं, आणि नंतर कधी बाळंतपण, कधी सासऱ्यांचं आजारपण, कधी नवऱ्याची बदली, तिच्याकडून चार-पाच वर्षं एक शब्द येत नाही. ती रागावलेली नसते, विसरलेलीही नसते, तिला वेळच नसतो. त्यामुळे तुम्ही जे काही उभं कराल ते हे गृहीत धरून उभं करा, पाच वर्षं गप्प असलेली बाई सहाव्या वर्षी एका रात्री "मी आहे गं अजून" असं टाईप करेल आणि त्या रात्री तिला कुणीही "इतके दिवस कुठे होतीस" असं विचारायचं नाही. आमच्यात हा एकच नियम कडक आहे, बाकी सगळे सैल.

यादी कशी करायची

कॉलेजच्या ऑफिसात जुनी मस्टरं असतात, प्राचार्यांना एक साधा अर्ज द्या, क्लार्कभाऊंना विश्वासात घ्या, आणि एक दिवस मोकळा ठेवून जा. आम्ही गेलो तो जून होता, कपाट उघडल्याबरोबर ओलीचा वास आला, 1998 च्या रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटलेली, पट्टीने हळूहळू सोडवत बसलो. नावापुढे वडिलांचं नाव, वाडी, पोस्ट, आणि फोन असलाच तर एसटीडी कोडसकट लँडलाईन, तीही बहुतेक शेजारच्या दुकानाची, पुढे कंसात शाईने "बोलवून देतात" असं लिहिलेलं. ते नंबर आता लागत नाहीत. पण वाडी आणि पोस्ट हे दोन शब्द फार कामाचे आहेत, ते उतरवून घ्या.

मग गुगल शीट उघडा आणि पहिल्या कॉलमात माहेरचं पूर्ण नाव लिहा, मार्कशीटवर आहे तसंच. दुसऱ्या कॉलमात आत्ताचं नाव. हा क्रम उलटा करू नका, आम्ही पहिल्या वर्षी केला होता आणि एकाच मैत्रिणीला तिघींनी तीन वेगवेगळ्या नावांनी भरलं. त्यानंतर बॅच आणि शाखा, माहेरची वाडी, माहेरच्या एका माणसाचा नंबर, सध्या राहते कुठे, काय करते, फोन कधी केलेला चालतो. "काय करते" या रकान्यात कुणालाही नुसतं गृहिणी लिहू देऊ नका, पुढे अजून दोन ओळी विचारा. आमच्या यादीत एक "गृहिणी" आहे जी घरून आमसुलं आणि कोकम आगळ मुंबईला पाठवते, त्यासाठीचं अन्न सुरक्षा रजिस्ट्रेशन तिने एकटीने काढलंय, लेबल, पॅकिंग, कुरिअर सगळं तिचं तिने शिकलंय. व्यवसाय करायचं म्हणणाऱ्या पोरींना तिच्याइतकं नेमकं दुसरं कोण सांगणार.

शोधायला फेसबुक पेक्षा माहेर बरं. भाऊ, भावजय, गावातला किराणा दुकानदार, शाळेच्या बाई, यांच्याकडे नंबर असतो. एका मैत्रिणीला आम्ही दोन वर्षं शोधत होतो, शेवटी वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे घेताना कुणीतरी तिच्या काकूला ओळखलं आणि पाचव्या मिनिटाला फोनवर ती स्वतः, आवाज तोच. मात्र भावाकडून नंबर मिळाला म्हणून थेट ग्रुपात टाकायचं नाही. आधी तिला एकटीला फोन, विचारायचं, हो म्हणाली तर घ्यायचं. काही जणींच्या घरी फोन तपासला जातो, काहींचं लग्न मोडलेलं असतं आणि त्यांना इतक्यात कुणालाच भेटायचं नसतं. त्यांचं नाव शीटमध्ये राहू द्या, पुढे "सध्या नको, गणपतीला मेसेज" इतकंच लिहा आणि खरंच गणपतीला एक साधा मेसेज करा, उत्तराची वाट न बघता.

ग्रुपचं सांगायचं तर, सगळ्यांचा एकच मोठा व्हॉट्सअप ग्रुप करू नका. सकाळच्या फुलांच्या फोटोंत कामाचं बुडून जातं आणि म्यूट केलेली बाई परत कधी बघत नाही. आम्ही व्हॉट्सअप कम्युनिटी केली, तिथल्या अनाउन्समेंट ग्रुपात फक्त अ‍ॅडमिन लिहितात आणि सभासदांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत, महिन्यातून दोनच मेसेज. बाकी बॅचचे छोटे ग्रुप आपापले, तिथे काय वाटेल ते बोला. शिकणाऱ्या मुलींना या कशातच घालायचं नाही, त्यांचा नंबर त्यांच्या ताईकडे, म्हणजे जिच्याशी जोडून दिलंय त्या माजी मुलीकडे, आणि कॉलेजातल्या मॅडमकडे, बस.

भेट कधी ठेवायची

हे कोकणाबाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे बाहेरगावच्या सगळ्या बायका गावी येतात त्या गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. आणि नेमकं गणपतीत कॉलेजला सुट्टी, मे महिन्यात सुट्टी, शिमग्याच्या आसपास विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर. म्हणजे ताया आहेत तेव्हा मुली नाहीत. आम्ही पहिली दोन वर्षं गणपतीत दोघींना एकत्र आणायचा हट्ट धरला आणि दोन्ही वेळा हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्याच जास्त.

आता दोन वेगळ्या भेटी ठेवतो. माजी मुलींची आपापसातली भेट गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा ते एक. गौरीच्या दिवसांत कुणाला बोलावूच नका, नव्या सुनेचा ओवसा (गौरीला सूप वाहायची पद्धत) असतो, घरात माणसं असतात, ती आलीच तरी तिचं अर्धं लक्ष चुलीवर. तारीख मात्र लवकर कळवा, रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर 2024 पर्यंत ते 120 दिवस होतं, आणि गणपतीची तिकीटं किती मिनिटांत संपतात ते तुम्हाला माहीत आहे. परतीचं तिकीट काढण्याआधी तिच्या हातात तारीख हवी, नाहीतर ती आदल्याच रात्री तुतारी एक्सप्रेस पकडून गेलेली असते.

मुलींबरोबरची भेट फेब्रुवारीत, आंगणेवाडीच्या जत्रेच्या आगेमागे. जत्रेची तारीख जाहीर झाली की मुंबईकर रजा टाकतातच, आणि तेव्हा कॉलेज चालू असतं. तुमच्या भागात तशी जी मोठी जत्रा असेल ती धरा. वेळ ठरवताना कॅलेंडरच्या जोडीला एसटीचं टाईमटेबल बघा, हे मी अगदी कळकळीने सांगते. आमच्या कॉलेजात निम्म्याहून जास्त मुली वाडीवाडीतून येतात, काहींच्या गावात संध्याकाळी एकच वस्तीची गाडी जाते, ती चुकली तर वडिलांना बाईक घेऊन घाटी उतरून यायला लागतं आणि पुढच्या वेळी तिला घरून पाठवत नाहीत. कार्यक्रम साडेतीनला संपला पाहिजे, पाहुण्यांचं भाषण अर्धवट राहिलं तरी चालेल. माजी मुलींना 17 मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहेच, रत्नागिरीहून किंवा चिपळूणहून येऊन जायला ते बरं पडतं.

जोडी कशी लावायची

एका ताईला दोन मुली, जास्त नाही. मुदत सहा महिने, नंतर दोघींना हवं असेल तर पुढे. मुदत ठेवली की ताईही हो म्हणते, नाहीतर आयुष्यभराची जबाबदारी वाटून बायका मागे सरतात. महिन्यातून दोन फोन, अर्ध्या तासाचे.

जोडी लावताना नोकरी बघू नका, वळण बघा. म्हणजे काय, तर मुलगी एसवायला आहे आणि घरी स्थळं बघायला सुरुवात झालीये, तर तिला अशी ताई द्या जिचं शिकताना लग्न ठरलं होतं, मग ती बँकेत असो की अंगणवाडीत. वडील गेल्यावर घर सांभाळत शिकणारीला तशीच ताई. करिअरची माहिती एका फोनवर दुसऱ्या कुणाकडून मिळवून देता येते, पण "मलाही तेव्हा असंच वाटलं होतं" हे प्रत्येकीला म्हणता येत नाही.

कॉलेजच्या बाजूने महिला विकास कक्षाच्या मॅडमना मध्ये घ्या. विद्यापीठाच्या कॉलेजांत हा कक्ष असतोच, मॅडमना प्रत्येक मुलीच्या घरची थोडीफार कल्पना असते. अकरावी-बारावीच्या मुली 18 च्या आतल्या असतात, तिथे पालकांची लेखी संमती घ्याच. मोठ्या मुलींच्या बाबतीतही पहिला फोन आईला करा. कारण निम्म्या घरांत फोन आईचाच असतो, आणि कोण ही बाई आपल्या पोरीला काय शिकवते असं एकदा मनात आलं की सगळं बंद.

माझ्या वाट्याला आलेल्या पहिल्या विद्यार्थिनीला मी पहिला फोन केला तो आषाढात. तिकडून आवाज आला, "कोण तुमी? चेडू तरवो काढूक गेलां, सांजेक फोन करा." (म्हणजे पोर भाताची रोपं काढायला गेलीय.) मी म्हटलं काकी, मी तुमच्या पोरीच्या कॉलेजची जुनी मुलगी, आधी तुमच्याशीच बोलायचं होतं. मग पंधरा मिनिटं आम्ही लावणीबद्दलच बोललो, यंदा पाऊस कसा, गडी मिळतात का, माझ्या माहेरी कोण शेत करतं. पोरीचं नावसुद्धा काढलं नाही. संध्याकाळी सातला परत लावला तर आईने फोन तिच्या हातात दिला आणि तिला म्हणाली ते मला ऐकू आलं, "घे, तुझ्या ताईचो फोन." ती बाहेर खळ्यात आली, कारण घरात रेंज नाही, पत्र्यावर पाऊस वाजत होता, अर्धं कळत होतं अर्धं नाही. तरी वीस मिनिटं बोलली. म्हणून पावसाळ्यात व्हिडिओ कॉल, झूम मीटिंग असले बेत करू नका, लाईट गेली की टॉवरही जातो. साधा फोन, आणि आवाज नाहीच आला तर व्हॉइस मेसेज, रेंज आली की तिचा ती ऐकते.

पहिल्या दोन फोनमध्ये सल्ला द्यायचा नाही. हे ताईंना सगळ्यात अवघड जातं, आपल्याला सगळं माहीत असतं आणि सांगायची घाई असते. ऐकायचं, लिहून ठेवायचं, पुढच्या वेळी त्यातलं विचारायचं. "तुझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का" एवढं विचारलंत तरी ती तुमची झाली. निर्णय तिचाच, तुम्ही फक्त रस्ते दाखवा, प्रत्येक रस्त्यावर खर्च किती आणि वेळ किती हे आकड्यात सांगा. पुण्याला एमपीएससीच्या क्लासला जाऊ का असं विचारलं तर जा किंवा नको जा म्हणू नका. रूमचं भाडं, मेस, क्लासची फी, किती वर्षं द्यायची आणि नाही झालं तर परत येऊन काय करायचं, हे कागदावर तिच्याकडून लिहून घ्या. लिहिता लिहिता तिलाच समजतं.

आणि पैसे द्यायचे नाहीत. मन कितीही हललं तरी ताईने मुलीला परस्पर पैसे द्यायचे नाहीत, एकदा व्यवहार मध्ये आला की ती फोन उचलायला लाजते. फी अडली असेल तर कॉलेजच्या खात्यात भरा आणि कुणी भरली ते तिला सांगू नका.

"मी काय सांगणार, मी तर घरीच असते"

हे वाक्य तुम्हाला दहातल्या आठ जणींकडून ऐकायला मिळेल. तेव्हा मी पार्वतीबाई आठवल्यांचं सांगते. देवरुखच्या, 1870 चा जन्म, तरुणपणीच विधवा झालेल्या. त्यांची बहीण बाया, म्हणजे आनंदीबाई कर्वे, 1889 मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेली, 1893 मध्ये तिने अण्णांशी, म्हणजे महर्षी कर्व्यांशी, पुनर्विवाह केला आणि त्यापायी अण्णांच्या मुरुड गावाने, आपल्या दापोलीजवळच्या, त्यांना वाळीत टाकलं. पार्वतीबाई बहिणीकडे आल्या, वयाने मोठ्या झाल्यावर अक्षर ओळखीपासून पुढे शिकल्या, मग अण्णांनी 1896 मध्ये काढलेल्या अनाथ बालिकाश्रमात स्वतः काम करायला लागल्या, आश्रमातल्या मुलींना सांभाळलं, गावोगाव फिरून आश्रमासाठी पैसे जमवले, अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. आधी कुणीतरी त्यांना हात दिला आणि मग त्यांनी दुसऱ्यांना, आपण करतोय ते आपल्याच मातीत सव्वाशे वर्षांपूर्वी झालेलं आहे. घरी असलेल्या बाईला मी विचारते, सासूबाईंना पॅरालिसिस झाला तेव्हा तू दोन मुलांचा अभ्यास आणि घर कसं चालवलंस, तेवढंच सांग एका पोरीला, ती आत्ता तेच करतेय. मग बहुतेक जणी हो म्हणतात.

कुठल्या वळणावर काय कामाला येतं

हे ताईंना माहीत हवं, कारण मुलगी विचारते तेव्हा उत्तर त्या आठवड्यातच लागतं.

लग्न ठरलं. पहिलं सांगायचं ते हे की शिक्षण सोडू नको, निदान कॉलेजला सांगितल्याशिवाय सोडू नको. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर डिग्री अशी सोय आहे, आणि मिळवलेले क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जास्तीत जास्त 7 वर्षं राहतात, म्हणजे बाळ शाळेत जायला लागल्यावरही परत येता येतं. त्या बँकेचा तिचा आयडी आणि पासवर्ड तिने स्वतःच्या वहीत लिहून ठेवायचा, सासरी जाताना ती वही बॅगेत. कॉलेजला जाणं शक्यच नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासून आहे, आमच्या बॅचच्या दोघींनी तिथून पदवी पुरी केली.

नाव बदलणं. यात मुलींचं फार नुकसान होतं आणि कुणी आधी सांगत नाही. परीक्षेचा फॉर्म, स्पर्धा परीक्षेचा अर्ज किंवा कागदपत्र तपासणी तोंडावर असेल तर आधारवरचं नाव तेवढ्यात बदलू नको, सगळ्या मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं झालं की धावाधाव. विवाह नोंदणीचा दाखला लग्नानंतर लगेच काढायचा, दोन्ही नावांना जोडणारा तोच कागद, आणि पुढे हवं असेल तर राजपत्रात नाव बदल. माहेरचंच नाव ठेवायचं असेल तर तेही चालतं, कायद्याने बदलायची सक्ती नाही, हे बऱ्याच मुलींना पहिल्यांदा ताईकडूनच कळतं.

फी. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश मात्र सरकारी प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. हे माहीत असूनही मुली राहतात कारण दाखले वेळेत नसतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेयर, जात पडताळणी, हे निकालाच्या आधी सुरू करायचं. मेमध्ये ताईने एकच विचारायचं, सेतूत अर्ज टाकलास का, पावती दाखव. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा, फॉर्म भरताना फोनवर शेजारी बसल्यासारखं बसा, आधारला जोडलेलं बँक खातं तिच्या स्वतःच्या नावावर आहे ना ते बघा, तिथेच बहुतेकदा अडतं.

पूर, वादळ. हे आपल्याकडे आता सोडून चालत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, 22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं. आमची एक मैत्रीण तिथे बाजाराजवळ राहायची. पाणी ओसरल्यावर तिने मला फोन केला तेव्हा भांडी, फ्रीज, कपडे यातलं काही बोलली नाही, म्हणाली माझी सगळी सर्टिफिकेटं गेली. दोघी जणी रत्नागिरीहून गेलो, चिखलातून फाईल काढली, एकेक कागद जुन्या वर्तमानपत्रावर पसरला, वरून दुसरा पेपर ठेवून हाताने दाबला, पुन्हा नवा पेपर. दहावीची मार्कशीट वाचली, डिग्रीवरची शाई फुटून निळा डाग झाला. नंतर विद्यापीठात डुप्लिकेटसाठी अर्ज केला तेव्हा सीट नंबर आणि वर्ष लागलं, आणि ते तिच्या बॅचच्या दुसऱ्या मैत्रिणीकडे लिहिलेलं होतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक मुलीला मार्कशीटचा फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवायला लावतो, डिजिलॉकर सुरू करून देतो, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर, कपाटाच्या खालच्या खणात कधीच नाही.

मन. फोनवर कधीतरी मुलगी एकदम गप्प होते, किंवा जगायचं नाही असं काही बोलते. ताई डॉक्टर नाही. घाबरायचं नाही, फोन ठेवायचा नाही, आणि टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा 14416 हा नंबर तिला द्यायचा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. त्याच दिवशी मॅडमना सांगायचं. घरात मारहाण असेल तर महिला हेल्पलाईन 181, तातडीचं असेल तर 112, मुलगी 18 च्या आतली असेल आणि तिचं लग्न लावत असतील तर 1098. हे चार नंबर प्रत्येक ताईच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या, पहिल्या मीटिंगलाच, समोर बसवून.

माजी मुलींची स्वतःची वळणंही असतात, ती विसरू नका. चाळिशीनंतरच्या आमच्या फोनांत सगळ्यात जास्त येणारा विषय म्हणजे हक्कसोड. हायवे रुंद झाला, जमिनीला भाव आला, आणि भाऊ कागद घेऊन सहीला येतो. भावाशी संबंध तोडायचे असं कुणी म्हणत नाही, माहेर कुणाला नको असतं. पण 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे हे माहीत असून सही करणं वेगळं आणि चहाचा कप हातात असताना वाचल्याशिवाय सही करणं वेगळं. आमच्या यादीत दोन वकील आहेत, सहीच्या आधी कागदाचा फोटो त्यांना पाठवायचा, एवढंच ठरवून घेतलंय.

नोंदणी आणि हिशेब

याबद्दल थोडक्यातच. नवीन संस्था काढायची घाई करू नका. 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला 7 माणसं लागतात, धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या आणि दर वर्षीचं ऑडिट आलंच, त्यात उत्साह संपतो. बहुतेक कॉलेजांचा माजी विद्यार्थी संघ आधीच नोंदवलेला असतो, कारण कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात त्याचे गुण असतात, त्याच संघात मुलींची उपसमिती मागून घ्या. आमच्या संघात सुरुवातीला सगळे पुरुषच, मीटिंग रात्री आठला ठेवायचे, आम्ही लेखी पत्र देऊन ती रविवारी सकाळी अकराला करून घेतली. तेवढ्याने दुसऱ्याच मीटिंगला सहा बायका आल्या. प्राचार्यांकडे जाताना नॅकचा मुद्दा आणि ऑन जॉब ट्रेनिंगचा मुद्दा घेऊन जा. नव्या अभ्यासक्रमात मुलींना ओजेटीचे क्रेडिट मिळवावे लागतात आणि तालुक्याच्या गावात जागा कुठे मिळणार हा कॉलेजचा खरा प्रश्न आहे, तुमच्या यादीतल्या सीए, काजू प्रक्रियावाल्या, लॅबवाल्या, होमस्टेवाल्या मैत्रिणी तिथे उपयोगी पडतात.

पैसे जमवलेच तर संघाच्या खात्यात, पावती लगेच, आणि वर्षाचा हिशेब एका पानावर लिहून त्याचा फोटो अनाउन्समेंटला.

दोन कामं दोघींत वाटा. एक यादी सांभाळेल, दुसरी जोड्या. दोन्ही एकीवर टाकली की तिच्या घरी काही निघालं तर सगळं थांबतं, आमचं 2022 मध्ये माझ्या सासूबाईंच्या आजारपणात तीन महिने थांबलं होतं. शीटचा अ‍ॅक्सेस तिघींकडे आणि वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेच्या सुमारास, एक प्रिंट काढून ऑफिसच्या कपाटात.

आता शेवटचं, आणि यातून पुढची वीस वर्षं वाचतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलींचा निरोप समारंभ असतो ना, त्या दिवशी दोघी जणी छापील फॉर्म आणि पेनं घेऊन दारात उभ्या रहा. जेवणाच्या आधी, कारण जेवल्यावर एसटीची वेळ झालेली असते. प्रत्येकीकडून तीन नंबर लिहून घ्या. तिचा स्वतःचा, आईचा, आणि माहेरच्या अशा एका माणसाचा जो गाव सोडणार नाही, मग तो दुकानदार काका असेल किंवा देवळातले गुरव. मागच्या वर्षी एका मुलीने तिसऱ्या रकान्यात लिहिलं, "शेजारची आजी, फोन नाही, हाक मारली तरी चालेल", आणि खाली वाडीचा नकाशा काढून दिला, वडाच्या झाडापासून डावीकडे. तो फॉर्म तसाच फाईलला लावलाय.